बिजासनहून महेश्वर, एका इंजिनाच्या भरवशावर

इंदूरच्या विमानतळाची जागा १९३५ साली होळकर सरकारने नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने ठरवली. हे व्हिन्सेंट जे. आर. डी. टाटांचे अगदी सुरुवातीचे सहकारी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एकटे ‘पस मॉथ’ हे छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. तिथून टपालाच्या थैल्या पुढे मद्रासकडे नेल्या त्या व्हिन्सेंट यांनी. म्हणजे बिजासन मातेच्या टेकडीजवळचं ते माळरान ज्याच्या नजरेत भरलं, तो माणूस स्वतः छोटी विमानं उडवणारा होता. १९४८ च्या जुलैत इथून ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबईला विमानसेवा सुरू झाली. आता तिथे दिवसभर मोठ्या विमानांची ये-जा असते. पण सकाळी लवकर गेलात तर दोनच माणसं बसतील एवढी सेसना अजूनही त्याच धावपट्टीवरून उडताना दिसते. मी पुण्याहून इंदूरला गेले ती तिच्यासाठी.

मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवते. माझा मावसभाऊ, आमचा दादा, इंदूरला रामबागेत राहतो. त्याच्याकडे खाजगी वैमानिकाचं लायसन्स आहे आणि दोन मित्रांबरोबर भागीदारीत एक जुनी सेसना १५२ आहे. शिवाय गेली काही वर्षं तो ‘पुष्पक’ नावाचं एक जुनं विमान पुन्हा उभं करतोय. बरेच दिवस फोनवर ऐकत होते, शेवटी जानेवारीत सुट्टी जमली. रात्रीची गाडी धरून सकाळी घरी पोचले, तर दादा दारातच. “काय बघून राहिलीस? पोहे खा आधी, मग शेडवर जायचं.” इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडल्यावर बाकी काही सुचत नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

शेड सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे आहे. पत्र्याचं छप्पर, कोबा केलेली जमीन, आणि मधोमध लाकडी घोड्यांवर ठेवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. कापड उतरवलेलं विमान मी पहिल्यांदाच पाहिलं. नळीला नळी वेल्डिंग करून जोडलेली, शेपटीकडे निमुळती होत गेलेली. पुढे इंजिनाची जागा रिकामी. आत शेजारी शेजारी दोन सीटांच्या चौकटी. एवढंच. यात बसून माणसं उडत होती, विमान चालवायला शिकत होती, हे त्या सांगाड्यासमोर उभं राहिलं की जास्त खरं वाटतं.

पुष्पक हे आपल्या देशात घडलेलं विमान. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली ते तयार झालं आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. वरच्या बाजूला पंख, कापडी अंग, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. दीडशेच्या आसपास पुष्पकं बांधली गेली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये वाटली गेली. एका पिढीच्या वैमानिकांनी पहिला टेकऑफ त्यावर केला. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. भारतात आखलेलं आणि बांधलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांचंच, ते १९५१ मध्ये उडालं. आपल्या घरांमध्ये शास्त्रज्ञांची नावं निघतात तेव्हा घाटग्यांचं नाव फार क्वचित निघतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं नाव तरी आता लोकांना माहीत झालंय.

शेडचे खरे धनी अण्णा. विमानांच्या देखभालीचं लायसन्स असलेले इंजिनिअर, आता निवृत्त. तरुणपणी पुष्पकांवरच काम केलेले. हे विमान एका बंद पडलेल्या हँगरमधून ट्रकवर आलं तेव्हा पंखात उंदरांची घरं होती. उंदीर नुसतं कापड कुरतडून थांबत नाहीत, त्यांच्या मुतानं धातूही गंजतो. अण्णांनी एकेक नळी ठोकून, खरवडून तपासली. दोन जागी गंज आतपर्यंत गेला होता, तेवढा भाग कापून नवीन नळी जोडली. मग सगळ्या नळ्यांमधून आतून जवसाचं तेल फिरवून निथळवलं, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. हे काम बाहेरून कधीच कुणाला दिसणार नाही.

मी गेले तेव्हा डाव्या पंखावर कापड चढत होतं. पूर्वी सुती कापड असायचं, आता पॉलिएस्टरचं येतं. ते चिकटवून झालं की इस्त्रीने आवळतात. इस्त्रीचं तापमान आधी थर्मामीटर लावून मोजायचं. पहिला हात साधारण १२० अंशांवर, शेवटचा १७५ च्या आसपास. त्याहून तापली तर कापड उलट सैल पडतं. अण्णांनी इस्त्री फिरवली आणि सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. बोटाने टिचकी मारली तर डफासारखा आवाज.

त्यानंतर टाके. पंखाच्या आत आडव्या फासळ्या असतात आणि कापड त्यांना दोऱ्याने शिवून घ्यावं लागतं. नाहीतर उडताना वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड फुगून फासळीपासून सुटू पाहतं. हातभर लांब सुई वरून खाली, पलीकडून कुणीतरी ती धरून परत वर, मेण लावलेला दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. पुढच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा झोत जिथे लागतो तिथे टाके जास्त जवळ घालायचे. खालच्या बाजूला सुई धरायला मी बसले. “दोरा बसला पाहिजे, रुतला नाही पाहिजे,” अण्णा सांगत होते. “रुतला की तिथे कापड कापतं.” एका फासळीला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण जेवणाची वेळ टळून गेली होती. टाक्यांवर पट्टी, पट्टीवर डोपचे, म्हणजे वॉर्निशसारख्या द्रावणाचे हात, मग ॲल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी हात. तो रंग शोभेचा नाही. कापडाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर तोच असतो.

कागदपत्रांचं काम याला समांतर चालू आहे. सांगाड्याची, इंजिनाची, प्रोपेलरची वेगवेगळी लॉगबुकं असतात. एक जरी मधल्या काळात हरवलेलं असेल तर विमानाचा इतिहास पुन्हा जुळवत बसावं लागतं. दादाच्या बाबतीत तेच झालंय. एका कचेरीतून जुन्या नोंदींची प्रत मिळायला किती खेपा झाल्या हे सांगताना त्याचा आवाज चढतो आणि मला त्याचा राग रास्त वाटतो. सुरक्षिततेचे नियम कडक असावेत, ते हवेतच. पण साठ वर्षांचं देशी विमान स्वतःच्या खिशातून वाचवणाऱ्याला निदान उत्तर तरी वेळेवर मिळावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेसना. आखणी अशी: इंदूर, जानापाव, महेश्वर, तिथून मांडव (मांडू) आणि परत. एकूण ८० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरायचा, हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राचा नंबर घ्यायचा. हे सगळं दादाने पहाटेच उरकलं होतं. हवेतून फोटो काढायला वेगळी परवानगी लागते, म्हणून या लेखात वरून घेतलेला एकही फोटो नाही.

विमानाभोवती प्रदक्षिणा घालून तपासणी झाली. इंधनाच्या टाकीच्या तळातून छोट्या पारदर्शक नळीत थोडं काढून उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल फिक्कट निळं असतं. पाणी जड असल्यामुळे खाली बसतं आणि थेंब वेगळा दिसतो. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवर कापडी टोपण असतंच, तरी दादाने ते काढून भोकाला डोळा लावून पाहिलं. कुंभारमाशी एका रात्रीत तिथे माती भरते आणि मग वेगाचा काटा खोटं बोलतो. वजनाचा हिशेबही चोख. या विमानाचं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. ते स्वतःच पाचशेच्या पुढे. टाक्या भरल्या की दोन माणसांनंतर फारसं काही उरत नाही. माझी सॅक खालीच राहिली.

जानेवारीची थंड सकाळ मुद्दाम निवडली होती. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी. दादा उन्हाळ्यात सकाळी आठनंतर उडतच नाही.

इंजिन मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर नेऊन दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं) आळीपाळीने बंद करून पाहिले. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, एक गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं. पुढे एक मोठं विमान उडालं. त्याच्या पंखांमागे हवेत भोवरे राहतात, म्हणून टॉवरने आम्हाला दोन मिनिटं थांबवलं. मग धावपट्टी आमची. एवढ्या लांब धावपट्टीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा वापरून आम्ही वर होतो.

४,५०० फुटांवर सपाट झालो. नकाशा माझ्या मांडीवर. खाली गहू-हरभऱ्याची हिरवी शेतं, उजवीकडे आग्रा-मुंबई रस्ता, महूची छावणी डाव्या हाताला ठेवून पुढे. जानापावचा डोंगर समोर आला. परशुरामाचं जन्मस्थान मानतात ते. चंबळ इथे उगम पावते. डोंगराच्या या अंगाचं पाणी चंबळेतून यमुना आणि गंगेकडे जातं, त्या अंगाचं नर्मदेला मिळून पश्चिमेच्या समुद्राला. शाळेत जलविभाजक म्हणून जे पाठ केलं ते इथे एका नजरेत दिसतं.

आणि मग माळवा संपतो. विंध्याची कड ओलांडली की जमीन एकदम खाली जाते. उंचीचा काटा ४,५०० वरच, पण पायांखालची जमीन हजारभर फुटांहून जास्त दूर गेलेली असते. मधला पट्टा जंगलाचा आणि घळींचा, तिथे विमान उतरवता येईल अशी जागा नाही. ग्लायडर उडवणाऱ्याला इंजिनाशिवाय उतरण्याची सवय असते, पण चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून तीसेक किलोमीटर जातं, ही सेसना नऊच. दादाने घाट लागण्याआधीच मला कामाला लावलं: “शेत शोधत राहा. एक मागचं, एक पुढचं.” मी तेच करत होते. मानपूरकडचं नांगरलेलं रान मागे, निमाडातलं कापूस काढून झालेलं मोकळं शेत पुढे. मधली ती काही मिनिटं इंजिनाच्या एका सुरावर गेली. आणि तो सूर ज्यांनी लावला ते अण्णा. गेल्या तपासणीत चारही सिलिंडरचा दाब त्यांनीच मोजला होता. आदल्या दिवशी मी त्यांचा टाका बघितला नसता, तर त्या घाटावर मी इतकी निवांत बसले असते असं वाटत नाही.

महेश्वर वरून ओळखायला नकाशा लागत नाही. नर्मदेचा रुंद पट्टा, काठावर किल्ला, त्याच्या पायथ्याशी घाटाच्या पायऱ्या, आणि पात्रात मधोमध बाणेश्वराचं देऊळ. अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि १७९५ पर्यंत इथूनच राज्य केलं. थोडं खाली सहस्रधारा, जिथे नदी खडकांत फुटून असंख्य ओहोळांनी वाहते. दादाने डावं वळण घेतलं, मी पंखाखाली बघत राहिले. घाटावर वाळत घातलेल्या साड्यांचे रंग तेवढ्या उंचीवरूनही कळत होते.

तिथून मांडव जवळ, सरळ रेषेत २६ किलोमीटर. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय राणी रूपमती अन्न घेत नसे अशी कथा आहे. तिचा मंडप डोंगराच्या अगदी टोकाला. आम्ही नदी मागे टाकून त्या मंडपाकडे येत होतो, म्हणजे तिची नजर जिथून जायची त्याच वाटेने उलटे. थंडीचं धुकं विरळ झालं होतं आणि मागे वळून पाहिल्यावर नर्मदा खरोखर एका चमकत्या रेघेएवढी दिसत होती. दोन तलावांमधला जहाज महाल, कडेला काकडा खोहची दरी, मग पुन्हा पठार. इथून पूर्वेकडे तोंड, म्हणून ५,५०० वर चढलो. नजरेने उडणाऱ्या विमानांना पूर्वेकडे विषम हजारावर पाचशे आणि पश्चिमेकडे सम हजारावर पाचशे, असा नियम आहे.

उतरल्यावर दादाने लॉगबुकात वेळ लिहिली, तेल पाहिलं, पंखांना दोर बांधले. तासाला २२-२३ लिटर इंधन लागतं, आणि ते गाडीच्या पेट्रोलपेक्षा बरंच महाग. त्यावर हँगरचं भाडं, विमा, दरवर्षीची उड्डाणयोग्यतेची तपासणी. तिघांत वाटलं म्हणून नोकरदार माणसांना जमतं. एकट्याने विमान घ्यायचा विचार करणाऱ्यांना मी भागीदारीच सुचवेन, आणि विकत घेण्याआधी एखाद्या अण्णांना गाठून लॉगबुकं वाचून घ्यायला सांगेन.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिकांसाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं. खाजगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी वय १७ पूर्ण आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. कॉलेजात असाल तर एनसीसीची हवाई शाखा आहे, तिथे मायक्रोलाइट विमानात बसायला मिळतं. पुण्याच्या आसपास असाल तर हडपसरला या. आणि कुणाच्या ओळखीत, कुठल्या गोदामात पुष्पकचे सुटे भाग किंवा जुन्या लॉगबुकांच्या प्रती असतील तर जरूर कळवा. उजव्या पंखाचं कापड होळीनंतर चढणार आहे, त्या वेळी मी पुन्हा इंदूरला जातेय.