तोंडी लावण्याचे दिवस

खानापूरच्या बाजूला पाऊस धो धो, म्हणून तिकडं भात. बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळी रानं, म्हणून जोंधळा. बेळगाव या दोहोंच्या मधे, त्यामुळं आमच्या ताटात आधी भाकरी आणि ती संपली की भात, असा दोन्हीकडचा मान राखायची रीत. आमच्या सासूबाई खानापूरकडच्या. चार शितं पोटात गेल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. अशा घरातून रोज बिनभाताचा, बिनभाकरीचा डबा घेऊन कॉलेजला निघायचं म्हणजे निघताना निदान एक तरी वाक्य ऐकावं लागतं.

कारण साधंच आहे. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. त्यात आकडा ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आला की ती मधुमेहाच्या आधीची पायरी धरतात. आमच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, ‘शुगर बॉर्डरवर आहे.’ १९५६ पासून बॉर्डरवरच राहणाऱ्यांना यात नवल ते काय! पण आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडला तेव्हा जरा बसून ऐकावं लागलं. वाटीभर शिजलेल्या भातात चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं, एका मध्यम भाकरीत पस्तीसच्या आसपास, आणि शंभर ग्रॅम फ्लॉवरमधे जेमतेम पाच. म्हणजे आजवर ज्याला जेवण म्हणत आलो ते कमी करायचं, आणि जे तोंडी लावणं होतं ते पोटभर खायचं.

तोंडी लावण्याला मुख्य जागी बसवलं की त्याचा स्वभाव कळतो. खर्डा, कारळाची चटणी, लोणचं, सगळ्यांचं मीठ-तिखट भाकरीच्या भरवशावर ठरलेलं. भाकरी काढून घेतली की तेच घशाशी जाळ करतं. अंबाडीची भाजी आंबट होते, वांग्याचा रस्सा खारट. झुणका तर डाळीचं पीठच, त्यामुळं तो चमच्या-दोन चमच्यांवर आला. टिकली ती एण्णेगायी. शेंगदाण्याचं कूट, तीळ, थोडं खोबरं भरलेली लहान काटेरी वांगी. मीठ-तिखट जरा हात राखून घातलं तर चार वांग्यांत दुपार निघते. आमच्या भागात दाण्याचं कूट असंही सढळ हातानं पडतं, त्याचा मला आता खरा उपयोग कळला.

रविवारी सकाळी मी फ्लॉवर किसते. किसणीच्या मोठ्या भोकांनी किसायचा, म्हणजे तांदळाएवढे दाणे पडतात. बारीक भोकांनी किसला तर लगदा. फ्लॉवरमधे नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं, म्हणून रुंद कढई, मोठा जाळ, झाकण नाही आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि दाणे बसतात. मग मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद, वरून लिंबू. थोडक्यात चित्रान्नाची, म्हणजे कानडी लिंबूभाताची, सगळी तयारी, फक्त अन्न (कानडीत भात) सोडून. दाणा किंचित कच्चाच ठेवायचा, उरलेलं शिजणं कॉलेजातल्या मायक्रोवेव्हमधे होतं. परातीत पसरून गार करायचं आणि दोन तासांच्या आत फ्रीजमधे. शिजवलेलं असं तीन-चार दिवस चांगलं राहतं, तेव्हा रविवारचं बुधवारपर्यंत आणि बुधवारी रात्री पुन्हा कढई.

डब्याचंही बदलावं लागलं. लग्नात आलेले, नाव कोरलेले स्टीलचे डबे मायक्रोवेव्हमधे चालत नाहीत. काचेचा डबा खांद्याला ओढ लावतो. ‘फुटला म्हंजे गं?’ हा सासूबाईंचा सवाल रोजचा.

मी फिजिक्स शिकवते, त्यामुळं स्टाफरूममधल्या त्या मायक्रोवेव्हचं मला उगीचच कौतुक. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना घुसळतात, पण आत जेमतेम इंचभर पोचतात. पुढची उष्णता आपली आपण सरकत जाते. म्हणून गच्च भरलेल्या डब्याच्या कडा चटका देतात आणि मधला घास फ्रीजमधला. उपाय सोपा: भाजी कडेनं लावायची, मधे खळं ठेवायचं. झाकण सैल, अर्ध्या वेळानं एकदा ढवळायचं. पनीर रश्श्यात बुडलेलं हवं, कोरडं ठेवलं तर खोडरबर. एकदा कॅन्टीनमधे एका पोरानं अख्खं उकडलेलं अंडं गरम केलं आणि ते फुटलं. आत वाफ कोंडते, तिला वाट नसते. पुढच्या तासाला दाबाचं उदाहरण मला शोधावं लागलं नाही.

आमच्या स्टाफरूममधे निम्मी मंडळी लिंगायत, पक्की शाकाहारी, आणि मायक्रोवेव्ह एकच. त्यात सुकट गरम झाली असती तर तिचा वास सेमिस्टरभर पुरला असता. कुणी काही बोलायच्या आधीच मी वाटणी करून टाकली: मटण-मासळी रात्री घरी, डब्यात भाजीपाला. समोरच्या टेबलावरच्या गणिताच्या अक्का तरीही माझ्या डब्यात डोकावून विचारायच्या, ‘अन्न इल्लेन्री?’ भात नाही म्हटल्यावर चेहरा असा करायच्या की घरात काही झालंय का. परवा फ्लॉवरचं पिवळंधमक चित्रान्न बघून त्यांना हायसं वाटलं. घासभर खाऊन म्हणाल्या, लिंबू कमी पडलंय, तांदूळ मात्र मोकळा झालाय. कुठल्या दुकानातला, असंही विचारलं. मी भाजी मार्केटमधला म्हटलं.

करंट गेला तर हे सगळं शास्त्र कपाटात. गार एण्णेगायी मग तेलाच्या तवंगासकट खायची. ती गारही बरी लागते, फ्लॉवर नाही.

पगार झाला की कुणीतरी कुंदा आणतंच. त्यात कर्बोदकं किती, हे आहारतज्ज्ञ बाईंना विचारायच्या भानगडीत मी पडलेली नाही. पण दहा सेकंद मायक्रोवेव्हमधे ठेवला की तो मऊ होतो, खव्याचं तूप सुटतं, हे सगळ्या स्टाफला शिकवलं ते मीच. त्या रात्री भाकरी अर्धी.