1 जून की 31 मे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नोव्हेंबर महिना असल्यामुळे निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यांची गर्दी होती, आणि आमच्या, जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रणालीने काही ज्येष्ठांचे दाखले ‘जन्मतारीख जुळत नाही’ असा शेरा मारून अडवायला सुरुवात केली. ही प्रणाली दुसऱ्या एका संस्थेच्या सोप वेब सर्व्हिसकडून, म्हणजे इंटरनेटवरून ठरलेल्या साच्यात माहिती देणाऱ्या सेवेकडून, जन्मतारीख मागवते आणि आमच्याकडील नोंदीशी ताडून पाहते. लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या कामकाजाच्या नोंदीत, एकही एक्सेप्शन (त्रुटीची नोंद) नव्हते. कॉल यशस्वी होत होता, उत्तर वेळेत येत होते, फक्त तारीख एका दिवसाने मागे पडत होती.

त्या दिवशी सकाळीच साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 जून 1944 ही तारीख असताना तुमच्या पडद्यावर 31 मे कशी दिसते, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले. त्या महिन्याचे पैसे अडले होते, तरी आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक अपराधी वाटले.

आधी सर्व्हरचे टाइमझोन सेटिंग तपासले, ते बरोबर निघाले. शिवाय सेटिंग चुकले असते तर सगळ्यांच्याच तारखा सरकायला हव्या होत्या. मग अडलेल्या नोंदी जन्मवर्षानुसार लावल्या. आपल्याकडे त्या पिढीतील असंख्य लोकांची शाळेत लागलेली जन्मतारीख 1 जून असते, त्यामुळे यादीत 31 मे ही तारीख ओळीने दिसत होती. मात्र 1 जून 1943, 1944 आणि 1945 या तारखा चुकत होत्या, तर 1 जून 1942 आणि 1 जून 1946 बिनचूक येत होत्या.

त्या सेवेकडून आलेल्या उत्तराचा कच्चा एक्सएमएल मजकूर उघडल्यावर उलगडा झाला. 1946 च्या माणसाची तारीख 31 मे, 18:30:00 झेड अशी होती, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत मांडलेली भारतीय मध्यरात्र; ‘झेड’ ही यूटीसीची खूण. शिक्षकांच्या नोंदीत मात्र 31 मे, 17:30:00 झेड असे होते. एक तास कमी का, याचे उत्तर टाइमझोनच्या इतिहासात मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केली होती. संगणकातील टाइमझोनच्या यादीत भारतीय वेळेसाठी असलेल्या ‘एशिया/कोलकाता’ या झोनच्या नोंदीप्रमाणे ऑक्टोबर 1941 ते 15 मे 1942 आणि पुन्हा 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात यूटीसीपासूनचा फरक साडेपाच नव्हे, साडेसहा तासांचा होता. 1942 चा जून नेमका या दोन कालखंडांच्या मधल्या फटीत येतो, म्हणून ती तारीख वाचली होती.

समोरची संस्था हा इतिहास धरून योग्य क्षण पाठवत होती. आमच्या कोडमध्ये मात्र तो क्षण भारतीय वेळेत आणताना ‘जीएमटी+05:30’ असा कायमचा फरक लिहिलेला होता, त्यामुळे मध्यरात्रीऐवजी आदल्या रात्रीचे 11 वाजत आणि वेळ छाटली की 31 मे उरे. तो कोड माझाच होता. त्याच्या चाचण्यांतील सर्व जन्मतारखा 1950 नंतरच्या होत्या.

दुरुस्ती लहान होती. एक्सएमएलमधून आलेला क्षण जावाच्या झोनआयडीतील ‘एशिया/कोलकाता’ने, म्हणजे इतिहासासकट टाइमझोनने, वाचायचा आणि लगेच लोकलडेट या फक्त तारीख ठेवणाऱ्या प्रकारात उतरवायचा, मधे जावाचा वेळेसह तारीख ठेवणारा जुना डेट वर्ग कुठेही येऊ द्यायचा नाही. पण माझ्या मते मूळ दोष दोन प्रणालींमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या करारातच होता. जन्मतारखेला घड्याळ नसते, तिला टाइमझोनही नको असतो. डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे त्या कराराच्या फाइलमध्ये, जन्मतारखेचे फील्ड डेटटाइम (तारीख अधिक वेळ) या प्रकाराचे ठेवले होते, म्हणून निव्वळ एका दिवसाला मध्यरात्र चिकटली आणि मध्यरात्रीला युद्धकाळ. ते फील्ड साध्या डेट प्रकाराचे करावे आणि मूल्य झोनशिवाय पाठवावे, असे पत्र आम्ही त्याच दिवशी धाडले.

संध्याकाळी अडलेले दाखले पुन्हा चालवले आणि ते सर्व जुळले. मी साताऱ्याला फोन करून सांगितले, “सर, तुमची तारीख आता 1 जूनच दिसते आहे.” युद्धातल्या घड्याळाची हकिकत त्यांनी मन लावून ऐकली. मग म्हणाले, “बाळ, माझा जन्म श्रावणातला. आई तेवढेच सांगायची. 1 जून आमच्या गुरुजींनी घातली.”