कामाचं ठिकाण कुठे संपतं?

कायद्यांचे मसुदे लिहिणं हे माझं काम. त्या दिवशी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धच्या कायद्याचा मसुदा सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय समितीपुढे होता. मी लिहिलं होतं, ‘कामाचे ठिकाण म्हणजे मालकाचे काम जिथे चालते ती जागा.’ वाक्य सुटसुटीत होतं. मला आवडलंही होतं.

कामगारांच्या प्रतिनिधी बाईंनी विचारलं, “कपडे बदलायची खोली यात येते का? तिथे काम चालत नाही.”

मला उत्तर सुचेना. बाईंचं आयुष्य घरकामगारांच्या संघटनेत गेलेलं. त्या म्हणाल्या, “मालकाकडेच राहणाऱ्या मुलीचं काम रात्री दहाला संपतं. त्रास त्यानंतर सुरू होतो.”

मग त्यांनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा छळाविरुद्धचा २०१९ सालचा करार क्रमांक १९० पुढे सरकवला. तो कुठे कुठे लागू होतो, हे सांगणाऱ्या तिसऱ्या कलमात पगार घेण्याची, जेवणाची, विश्रांतीची जागा आहे, स्वच्छतागृह आहे, कपडे बदलायची खोली आहे. कामानिमित्तचा प्रवास, फोनवरचे निरोप, मालकाने दिलेली राहायची जागा, इतकंच काय, कामावर जाणं-येणंसुद्धा आहे. माझं वाक्य त्यापुढे फार तोकडं वाटलं.

“पण आपल्या देशाने याला अनुमोदन दिलेलं नाही,” मालकांचे प्रतिनिधी म्हणाले. मुद्दा रास्त होता. अनुमोदनाशिवाय करार बंधनकारक होत नाही. तरी तो दाराबाहेर राहत नाही. संघटनेच्या घटनेच्या १९व्या कलमानुसार नवा करार देशातल्या सक्षम यंत्रणेपुढे ठेवावाच लागतो, आणि अनुमोदन दिलं नसलं तरी विचारणा झाली की आपला कायदा कुठवर आलाय, अडतंय कशात, हे कळवावं लागतं. शिवाय असे करार संघटनेच्या ज्या परिषदेत मंजूर होतात, तिथे प्रत्येक देशाकडून सरकारची दोन, मालकांचं एक आणि कामगारांचं एक अशी मतं असतात. म्हणजे मालकांचं म्हणणं तिथेही मांडलं गेलं होतं.

मालकांच्या प्रतिनिधींनी करार मागून घेतला आणि शांतपणे वाचला. “बसमध्ये कुणी छेड काढली तर मी काय करणार?” ही त्यांची धास्ती खरी होती. नववं कलम त्यांना स्वतःलाच सापडलं: मालकाने आपल्या नियंत्रणाच्या प्रमाणात, शक्य तितकी पावलं उचलायची. तिथे त्यांचा आवाज निवळला. तरीही जाण्या-येण्याचा मुद्दा पुढच्या बैठकीवर गेलाच.

संध्याकाळी मी नवी व्याख्या वाचून दाखवली. बाईंनी ‘राहण्याची जागा’च्या पुढे पेन्सिलीने ‘कोणत्याही वेळी’ असं लिहिलं. मी ते तसंच टाइप केलं.