हलगी, लॅपटॉप आणि 46 मिलिसेकंद : माझा अनुभव

एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टला मी हलगी घेतली तेव्हा वर्ग हसला, बाकीच्यांचं थिन फिल्म नाहीतर सोलर सेल आणि हिचं हे. सर म्हणाले, "बघ, रेफरन्स मिळाले तर कर." मिळाले की! सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच 'नेचर'मध्ये आपल्या तालवाद्यांवर लिहिलंय, 1934 ला परत मोठा पेपर. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे सूर 1, 1.59, 2.14, 2.30 अशा वाकड्यातिकड्या प्रमाणात निघतात, म्हणून ते धड सुरात बोलत नाही. तबल्यावर मधोमध शाई, म्हणजे काळा गोल थर असतो, तिच्या वजनानं तेच सूर सरकून जवळजवळ 1, 2, 3, 4, 5 असे ओळीत येतात. हलगीला शाई नाही, म्हणजे सगळा गोंधळ जसाच्या तसा. तोच मला मोजायचा होता.

आता आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमाग, दिवसभर खटक-खटक, ग्राफमध्ये हलगीच्या आधी मागच दिसायचा. मग लाईट गेली की माग बंद, तेवढ्यात काकांना फोन, लॅपटॉप बॅटरीवर, दहा मिनिटांत जेवढे टोले मिळतील तेवढे. लाईट जायची वाट बघणारं सोलापुरात आमचं एकच घर असेल. (काका म्हणजे शेजारचे, वरातीत वाजवतात.)

मोजणी झाली तर सर म्हणाले आता डिपार्टमेंटच्या कार्यक्रमात वाजवून दाखव. मी प्युअर डेटामध्ये पॅच, म्हणजे आवाजाचा छोटा प्रोग्राम केला, प्युअर डेटा हे मिलर पकेटचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. हलगीला पिझो डिस्क, म्हणजे ठोक्याचा विजेचा सिग्नल करणारी चकती चिकटवायची, टोला पडला की लॅपटॉपमधून तेच सूर सरळ करून वाजणार, थोडक्यात बिनशाईच्या हलगीला कॉम्प्युटरनं शाई लावायची.

पहिल्याच प्रॅक्टिसला काका थांबले. "पोरी, तुजं मशीन माज्या मागनं पळतंय की."

मी म्हटलं, "नाही ओ काका, लगेच वाजतंय."

"सावकाश हाय तवर कळत न्हाई. दुप्पट करतो, बघ."

दुप्पट केलं आणि सगळं एकमेकांत घुसलं. मोजायला बसले. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी गोळा करतो तेवढे आवाजाचे नमुने, 1024, त्याला सेकंदाच्या 44100 नमुन्यांनी भागलं की 23 मिलिसेकंद, आत येताना तेवढे, बाहेर जाताना तेवढे, झाले 46. एवढा उशीर मला ऐकूच आला नव्हता आणि काकांच्या हाताला लगेच कळला, याची मला अजून लाज वाटते. आवाजाची ये-जा लवकर करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाकून बफर 128 केला तर माझ्या जुन्या लॅपटॉपचा आवाज चर्र चर्र फाटायला लागला, 256 वर थांबले, उशीर बारा मिलिसेकंदांच्या आसपास. काका म्हणाले, "आता हाय."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये एसी आणि पाहुण्यांची तासभर भाषणं. कातडं पार उतरलं, टोला दिला तर नुसता भद्द, दुपारी जुळवलेले माझे आकडे आणि हलगी यांचा मेळच बसेना. कातडं शेकल्यावर परत ताणतं, पण हॉलमध्ये जाळ कसा करणार? काका सरळ पार्किंगमध्ये गेले, रद्दी पेटवली, हलगी फिरवून फिरवून शेकायला लागले, वॉचमन ओरडतोय, आत आमचं नाव पुकारतायत, मी मध्ये दारात उभी. काकांनी बोटानं टिचकी मारून बघितली, मान हलवली आणि आम्ही पळत स्टेजवर. चार मिनिटं वाजलं, एक टोला सुटला, तो माझा.

रिपोर्टमध्ये साहित्याच्या यादीत मी पिझो डिस्क, लॅपटॉप, रद्दी, काडेपेटी असं लिहिलं. सरांनी शेवटची दोन खोडली.