लाल टोपणाची सिरिंज

अण्णांना डिस्चार्ज मिळायचा होता त्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टरांनी इन्सुलिनची बाटली माझ्या हातात दिली. "ताई, आजचं इंजेक्शन तुम्ही द्यायचं. मी फक्त बघणार."

आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहिलेले अण्णा. अंगठ्याखाली खिळा घुसला तरी त्यांना कळलं नव्हतं. शुगरनं तळव्याची जाणीवच गेली होती.

बाटलीतलं औषध पांढुरकं, गढूळ. मी ती खोकल्याच्या औषधासारखी हलवायला गेले तर सिस्टरांनी मनगट धरलं. जोरात हलवली की फेस होतो आणि डोस चुकतो. ती दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवायची, रवी फिरवतो तशी. बेंबीपासून तीन बोटं लांब, कातडी चिमटीत धरून सुई आत, औषध गेलं की दहापर्यंत मोजायचं, मगच बाहेर. चोळायचं नाही. रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर तिथं गाठ धरते आणि औषध नीट लागू पडत नाही.

माझे हात कापत होते, पण दिलं. वाटलं, झालं. सिस्टर मात्र स्टूल ओढून बसल्या. "आता मी तुमची शेजारीण. मला शिकवा बघू." मी सगळं घडाघडा सांगितलं, पण इंजेक्शननंतर अर्ध्या तासात जेवायचं, हे विसरले. त्यांनी मला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. तेव्हा कंटाळा आला होता, आज त्यांचे उपकार वाटतात.

घरी आल्यावर एकदा दुपारी अण्णांचं जेवण लांबलं. चारच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. मशीनवर शुगर 58. आई भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन धावली. मी तिला थांबवलं. शेंगदाण्यातल्या तेलानं साखर रक्तात जायला वेळ लागतो, हे सिस्टरांनी बजावलं होतं. 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ दवाखाना. पंधरा मिनिटांनी 84 आली. मग भाकरी दिली.

खरा घोळ पुढच्या महिन्यात झाला. सिरिंजा संपल्या म्हणून भावानं जवळच्या मेडिकलमधून नवं पाकीट आणलं. चार दिवसांत शुगर तीनशेच्या वर. आम्ही अण्णांवरच संशय घेतला, चोरून गोड खाल्लं असेल म्हणून. ते गप्प बसून राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सिस्टरांना दाखवलं तर त्यांनी आधी टोपण पाहिलं. नारिंगी. आमच्या बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट, आणि ही सिरिंज 100 युनिटवाल्या औषधाची. वीसच्या रेघेपर्यंत भरलं की पोटात आठच युनिट जात होते. उलटं झालं असतं, म्हणजे 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं दिलं असतं, तर अडीचपट गेलं असतं, जिवावर बेतलं असतं. एवढी मोठी गोष्ट ना दुकानात कुणी विचारली, ना आम्ही वाचली. माझ्या मते डिस्चार्जच्या कागदावर डोसच्या शेजारीच ती ठळक लिहायला हवी.

आता बाटली फ्रिजच्या दारात असते, फ्रीझरजवळ कधीच नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती खिडकीत विसरणं परवडत नाही. वापरलेल्या सुया तेलाच्या जाड रिकाम्या कॅनमध्ये. रात्री मी अण्णांचे तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या बॅटरी लावून बघते. सिद्धेश्वराच्या देवळात ते आता पायमोजे घालून जातात. तापलेली फरशी त्यांना कळत नाही.

परवा मेडिकलमध्ये मी पैसे काढत होते. दुकानातल्या पोरानं विचारायच्या आत अण्णाच म्हणाले, "चाळीसची दे रे बाबा. लाल टोपणाची. आधी मला दाखव."