तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्यात साहेब कोण?

मालवणात सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पुण्याचा क्लायंट जरा आडून विचारतो, "रिपोर्टिंग कुणाला असतं?" आमचे शेजारचे काका थेट विचारतात, "गो, तुमच्यात सायब कोण? मगे कामा कोण वाटता?"

कामं कोणी वाटत नाही. आम्ही सहाजण आहोत. आंबा बागायतदारांसाठी ॲप बनवतो: वाशीला कुठल्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) किती आली, भाडं-हमाली वजा जाऊन हातात काय उरलं. पूर्वी मी साहेब होते. दर सोमवारी एक्सेलचा तक्ता काढायचा, प्रत्येक कामापुढे नाव. फार नेटका तक्ता असायचा तो, मला त्याचा अभिमानही होता.

मग एका एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, देवगडच्या एका बागायतदाराचा फोन आला. एकाच गाडीतल्या पेट्या दोन दलालांकडे उतरल्या की आमचं ॲप भाडं दोनदा कापत होतं. दोन आठवड्यांचे हिशेब हाताने दुरुस्त केले. ते निस्तरताना आचऱ्याचा पोरगा (इथे नावं नकोत, गावांनीच सांगते) सहज बोलून गेला, "ताई, मला ते दिसलं होतं. पण ते माझ्याकडे नव्हतं ना."

मला राग यायला हवा होता. पण तक्ता माझा होता आणि त्याच्या नावापुढे मीच 'लॉगिन स्क्रीन' लिहिलं होतं. त्याने माझं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं.

तक्त्याचा दुसरा घोळ जास्त छुपा होता. टेस्टिंग एकटी कट्ट्याची मुलगी करायची. गुरुवारपर्यंत बाकीच्यांचं 'झालं' असायचं आणि तिच्या दारात ढीग. सगळे कामात, प्रत्येकाचा रकाना हिरवा, आणि बागायतदाराच्या मोबाइलवर नवीन काहीच नाही.

तो तक्ता बंद केला. भिंतीवर फळा आला, त्यावर कार्डं, कार्डावर नाव नाही. कुठलं काम आधी हे मी बागायतदारांशी बोलून ठरवते, वरचं कार्ड म्हणजे निकडीचं. कार्ड कोण घेणार, कसं करणार, हे टीममधले त्यांचं ते बघतात. नियम एकच, आणि माझ्या मते सगळी जादू त्यात आहे: टेस्टिंगच्या रकान्यात दोनच कार्डं मावतील. तिसरं येत असेल तर नवीन कोड लिहायला घ्यायचा नाही, आधी आतलं बाहेर काढायचं. मग आचऱ्याचा पोरगा टेस्टिंगला बसला. स्वतःचंच ॲप घेऊन बागेत गेला आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, "उन्हात स्क्रीन दिसतच नाही हो." ते मी त्याला तक्त्यात कसं लिहून देणार होते? मलाच माहीत नव्हतं.

ही काही आमची अक्कल नव्हे. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या दोघांनी होंडा, कॅननसारख्या कंपन्यांत नवी उत्पादनं कशी तयार होतात ते पाहून लिहिलं, त्यात स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या टीम होत्या. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे 17 जण जमले आणि त्यातून अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा, जाहीरनामा निघाला. त्याच्या 12 तत्त्वांपैकी एक सांगतं की उत्तम रचना अशाच टीममधून उगवते. स्क्रम ही त्यातलीच एक कामाची पद्धत, तिच्या नियमपुस्तिकेने, म्हणजे स्क्रम गाइडने, 2020 मध्ये 'सेल्फ-ऑर्गनायझिंग'च्या जागी 'सेल्फ-मॅनेजिंग' हा शब्द घेतला. मराठीत 'स्वयंव्यवस्थापित' म्हटलं की सहकारी पतपेढीचा वास येतो. आम्ही 'आपलं आपण' म्हणतो.

सुरुवात वाईट गेली, हेही सांगते. मजेची कार्डं भराभर उचलली गेली आणि ब्लूटूथ प्रिंटरचं कार्ड सहा दिवस लोंबकळत राहिलं. त्या प्रिंटरचा सगळ्यांनाच वैताग. नाव लिहायला माझा हात शिवशिवत होता. सातव्या दिवशी सकाळच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत फक्त विचारलं, "हे कधीपासून इथे आहे?" कोणी बोललं नाही. दुपारी दोघं एकत्र बसलेले दिसले, मध्ये प्रिंटर. आणि एकदा एकजण खरंच अंग चोरत होता, तेव्हा 'आपलं आपण' काही कामाला आलं नाही. मलाच बोलावं लागलं. पगार, रजा, क्लायंटशी घासाघीस हेही माझ्याकडेच आहे.

काकांना मी एकदा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दाखला द्यायला गेले. त्यांचा जन्म रापण ओढण्यात गेलेला. म्हटलं, दोर ओढायला माणसं कोण वाटून देतं? ते हसले. "तांडेल असता मा! जाळा खंय टाकूचा ता तो सांगता. दोराक हात लाव म्हणान कोणाक कित्याक सांगाक व्हया?" जाळं किनाऱ्याजवळ यायला लागलं की दोन्ही बाजूंच्या रांगा आपोआप एकमेकींकडे सरकतात, ते मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. तेव्हा किनाऱ्यावर ओरडा पुष्कळ असायचा, पण 'तू इकडे, तू तिकडे' असला नसायचा. तांडेलाचं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दाखला माझा, पण तो मला काकांनी समजावला.

गेल्या जूनमध्ये चार दिवस लग्नाला गोव्यात होते. परत आले तर फळ्यावर एक रकाना वाढलेला: 'लाईट गेली तर'. त्यात नेट आणि वीज नसताना करता येतील अशी कार्डं: कागदावर स्क्रीन काढणं, जुन्या पट्ट्या तपासणं, बागायतदारांना फोन. पावसात आमची लाईट किती जाते हे मला काय माहीत नव्हतं? पण हा रकाना मला इतक्या वर्षांत सुचला नाही. तो त्यांनी पर्मनंट मार्करने आखलाय, पुसता पुसत नाही. नवा फळा कोण आणणार याचं कार्ड अजून फळ्यावरच आहे.