तुम्ही विचारलंत म्हणून : पीक निघालं, आता मल्चिंग पेपरचं काय?

“टोमॅटो संपला. खालचा मल्चिंग पेपर (तण आणि ओल राखण्यासाठी बेडवर अंथरलेलं प्लास्टिक) जाळू, की सरळ रोटाव्हेटर मारू?” हंगाम संपत आला की हा प्रश्न येतोच. दोन्ही करू नका. रोटाव्हेटर फिरला की पेपरचे तुकडे मातीत कालवले जातात आणि ते वेचणं कुणाच्याच हातात राहत नाही. जाळायला तर मनाईच आहे, शिवाय तो धूर वस्तीत शिरतो.

आधी हिशेब बघा. पाच फुटांवर बेड असतील तर एकरी ४ फूट रुंदीचे, ४०० मीटरचे साधारण साडेसहा रोल लागतात. २५ मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक रोल ११ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकरात ७० ते ७५ किलो प्लास्टिक.

पेपर धड निघणार की नाही, हे खरं तर खरेदीच्या दिवशीच ठरतं. स्वस्त पडतो म्हणून १५ मायक्रॉनचा आणला, तर उन्हात राहिलेला वरचा भाग कडक होतो आणि मातीत दाबलेली कड शाबूत राहते. ओढला की नेमका मातीच्या रेघेवर फाटतो. मधला पट्टा तेवढा हातात येतो, दोन्ही कडा रानातच. लांब मुदतीच्या पिकाला २५ ते ३० मायक्रॉनच घ्या.

काढताना वाफसा हवा, म्हणजे रान ना चिखल, ना कोरडं. ओल्या रानात चिखल चिकटतो, वाळलेल्या काळ्या रानात ढेकळं कड सोडत नाहीत. बांबू, सुतळी, ड्रिपच्या नळ्या आधी काढून घ्या. झाडं उपटू नका, मुळाबरोबर भोक फाटतं. विळ्याने जमिनीलगत कापा. लव्हाळा या तणाचे कोंब पेपर भेदून वर आलेले असतात, तेही खुरप्याने कापा. मग दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा आणि दोघांनी कडा धरून, वर न उचकटता, जमिनीलगत मागे गुंडाळत चला.

मातीने भरलेला पेपर भंगारवाला घेत नाही, कारण प्लास्टिक दळायच्या यंत्राची पाती मातीने झिजतात. दिवसभर उन्हात वाळवून झटका, ओढ्यावर धुऊ नका. नळ्या, सुतळी आणि पेपर यांचे गठ्ठे वेगळे बांधा; प्लास्टिकची जात वेगळी असते, मिसळलं की भाव जातो. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या त्यात कधीच टाकू नका. पाव बाटली पाणी घालून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता. असं तीनदा करून बुडाला भोक पाडा आणि बाटल्या वेगळ्या ठेवा.

“आपोआप विरघळणाऱ्या” पेपरबद्दलही विचारता. ‘ऑक्सो’ लिहिलेला घेऊ नका, त्याचे नुसते तुकडे होतात. ‘१७०८८’ हे मानक कंपोस्टिंगसाठी आहे, शेतातल्या मातीसाठी नाही. मातीत कुजणाऱ्या मल्चसाठी युरोपात ‘ईएन १७०३३’ हे मानक आहे. विक्रेत्याकडे त्याचंच प्रमाणपत्र मागा.